लहान पडदा आणि स्पष्ट चित्र



वसंत ऋतूत व्याख्याने करण्याची आपल्याकडील चाल जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि पुढे गावोगाव तिचे अनुकरण झाले. अशा व्यासपीठांवरून राज्यकारभार, धर्म, वाङ्मय, अर्थशास्त्र अशा भारदस्त विषयांचा ऊहापोह होत आलेला आहे. तेव्हा घरातील लहानशा दूरचित्रवाणी संचावर बोलण्यास आम्ही उभे राहिलो, हे कोणास थोडे हलके वाटण्याचा संभव आहे. पण जी वस्तू घराघरांतून रोजची संध्याकाळ घेते, जिच्यापुढे आजीपासून नातवापर्यंत सर्व पिढ्या बसतात, आणि जी विकत घेताना शेतकऱ्याच्या घरी धानाच्या चुकाऱ्यातील बरीच रक्कम खर्ची पडते, त्या वस्तूचा विचार निदान एक तास तरी करावा, असे आम्हांस वाटते. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. टीव्ही घेताना मात्र दुकानदाराने दाखविलेला पाटीवरचा आकडा पाहतो आणि पैसे मोजतो. हा फरक का पडावा?

प्रथम थोडा इतिहास. भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रयोगादाखल झाला. मुंबईस ती येण्यास १९७२ सालचा २ ऑक्टोबर उजाडावा लागला. १९७५-७६ या एका वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यात महाराष्ट्र नव्हता. परंतु आपल्या पूर्वेस, तेव्हाच्या मध्य प्रदेशातील रायपूर, बिलासपूर, दुर्ग या भागांतील गावे होती. म्हणजे या मुलखाच्या उंबरठ्यापर्यंत ती कला तेव्हाच येऊन ठेपली होती. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने चित्र रंगीत झाले, आणि १९८७ साली 'रामायण' मालिका सुरू झाली तेव्हा रविवारी सकाळी गावातील एकेका संचापुढे अर्धी आळी बसू लागली. त्या काळी पडदा लहान होता आणि प्रेक्षक पुष्कळ होते. आज पडदे पुष्कळ झाले आहेत, आणि एका पडद्यापुढे माणसे मोजकीच असतात. हा बदल ध्यानात ठेवूनच आपण पुढे जाऊ.

तो जुना संच म्हणजे काचेचा मोठा भोपळाच होता. त्याच्या मागच्या निमुळत्या टोकातून इलेक्ट्रॉनांचा झोत निघे आणि पुढच्या काचेवर रेघ-रेघ ओढीत चित्र काढी. आपल्या देशात स्वीकारलेल्या पद्धतीत ६२५ रेषा असत व त्यांपैकी ५७६ रेषांत चित्र सामावे. आधी विषम रेषा, मग सम रेषा, असे सेकंदाला पंचवीस वेळा पुरे चित्र उमटे. झोताला फिरायला जागा हवी म्हणून काचेच्या नळीची लांबी टाळता येत नसे. त्यामुळेच एकवीस इंची संच ठेवायला दीड-दोन फूट खोल कपाट लागे आणि तो उचलायला दोन माणसे.

आजच्या सपाट पडद्यात हा झोत नाही. त्याचे मर्म एका वेगळ्याच पदार्थात आहे. १८८८ साली राईनित्झर नावाच्या एका ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला असे आढळले की, एक विशिष्ट पदार्थ तापविला असता तो प्रथम गढूळ द्रव होतो आणि अधिक तापविल्यावर स्वच्छ द्रव होतो. त्या गढूळ अवस्थेत तो वाहतो द्रवासारखा, पण त्याचे कण रांगेत उभे असतात स्फटिकासारखे. यालाच द्रव-स्फटिक म्हणतात. या कणांची रांग विजेच्या किंचित दाबाने वळविता येते, आणि रांग वळली की तिच्यातून जाणारा प्रकाश अडविता किंवा सोडता येतो. खिडकीच्या झडपा जशा दोरी ओढून उघडाव्यात वा मिटाव्यात, तशा लक्षावधी सूक्ष्म झडपा या पडद्यात असतात. मागे एक पांढरा दिवा सतत तेवत असतो. पुढच्या झडपा ठरवितात की कोठे किती उजेड सोडावयाचा. प्रत्येक बिंदूत तांबडी, हिरवी आणि निळी अशा तीन काचा, आणि त्या तिघींच्या मिश्रणातून सारे रंग. हा मागचा दिवा पूर्वी नळीचा असे. आता तो एलईडीचा असतो, म्हणून बाजारात या संचाला 'एलईडी टीव्ही' म्हणतात. वास्तविक चित्र द्रव-स्फटिकाचेच असते, एलईडी फक्त मागचा उजेड पुरविते. तो पांढरा उजेड शक्य झाला निळ्या एलईडीच्या शोधामुळे, आणि त्या शोधाबद्दल तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भिंतीवर टांगलेल्या चार-पाच किलोच्या पाटीमागे एवढी तपश्चर्या आहे.

आता 'हाय डेफिनिशन' म्हणजे काय ते पाहू. आपण त्याला 'सूक्ष्मस्पष्ट चित्र' म्हणू या. पडद्यावरील बिंदूंना बाजारात पिक्सेल म्हणतात. जुन्या पद्धतीचे चित्र आकड्यांत मांडले तर आडवे ७२० आणि उभे ५७६ बिंदू, म्हणजे एकूण ४,१४,७२० होतात. लहान संचावर 'एचडी रेडी' असे लिहिलेले असते, तेव्हा त्यात बहुधा आडवे १३६६ आणि उभे ७६८, म्हणजे १०,४९,०८८ बिंदू असतात. जुन्याच्या सुमारे अडीचपट. 'फुल एचडी' म्हटले की आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू, जुन्याच्या पाचपट.

हे आकडे कोरडे वाटतील म्हणून आपल्याच शिवारातील दाखला घेऊ. महाराष्ट्रात सारस पक्षी आता थोडे उरले आहेत, आणि त्यांचा मुख्य आधार आपला गोंदिया जिल्हाच आहे. समजा, एका माहितीपटात धानाच्या बांधीत दूर उभा असलेला सारस दाखविला आहे, आणि त्याची उंची पडद्याच्या एक-विसांश आहे. जुन्या पद्धतीच्या चित्रात हा सारस डोक्यापासून पायापर्यंत अवघ्या २९ रेषांत उभा राहतो. एचडी रेडी पडद्यावर त्याला ३८ रेषा मिळतात, आणि फुल एचडीत ५४. एकोणतीस रेषांत तो एक करडा ठिपका असतो. चोपन्न रेषांत त्याची मान कोठे तांबडी होते आणि चोच कोठे सुरू होते हे कळते. स्पष्टता म्हणजे ऐट नव्हे. जे पाहावयाचे ते ओळखता येणे, एवढाच तिचा अर्थ आहे. शाळेतील मुलाला नकाशावरील नदीचे नाव वाचता येणे, आजीला बातम्यांच्या पट्टीवरील अक्षरे लागणे, शेतकऱ्याला पानावरचा करपा आणि किडीने खाल्लेले पान यांतील भेद दिसणे, ही त्या बिंदूंची खरी कमाई होय.

मग प्रश्न येतो, लहान पडदा पुरतो का? येथे आपण बाजाराचे न ऐकता डोळ्याचे ऐकावे. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा सूक्ष्म भेद ओळखता येतो. यावरून हिशेब करता येतो. बत्तीस इंची संच म्हणजे त्याचा कर्ण बत्तीस इंच; रुंदी सुमारे अठ्ठावीस इंच आणि उंची पावणेसोळा इंच. एचडी रेडी असेल तर त्याचा एकेक बिंदू अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा भरतो, आणि सुमारे सहा फुटांच्या पलीकडे बसले की डोळ्याला तो वेगळा दिसेनासा होतो. त्याच आकाराचा फुल एचडी संच असेल तर ही मर्यादा चार फुटांवर येते. चोवीस इंची एचडी रेडी संचाला ती साडेचार फूट असते. आता आपल्या घरांतील खोल्या आठवा. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत भिंतीला टेकून बसणारी माणसे समोरच्या भिंतीवरील संचापासून आठ-नऊ फुटांवर असतात. त्या अंतरावरून बत्तीस इंचांत एचडी रेडी आणि फुल एचडी यांतील फरक बहुतेकांना दिसावयाचा नाही. जो फरक डोळ्याला दिसत नाही, त्याचे पैसे का द्यावेत? उलट विद्यार्थी टेबलाशी बसून त्याच पडद्याला संगणक जोडणार असेल, तर तो दोन-अडीच फुटांवर असतो. तेथे फुल एचडीचे पैसे सार्थकी लागतात. म्हणजे कोणता संच चांगला याचे उत्तर दुकानात मिळत नाही. ते घरी टेप लावून मोजल्यावर मिळते.

आकाराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. इंच कर्णाचे मोजतात, पण आपण पाहतो ते क्षेत्रफळ. चोवीस इंचांवरून बत्तीसवर गेले तर इंच तिसऱ्या हिश्श्याने वाढतात, पण चित्र जवळजवळ पावणेदोनपट होते. म्हणून मागे बसणाऱ्या वृद्धांची दृष्टी मंद असेल तर बिंदूंची संख्या वाढविण्यापेक्षा आकार एक पायरी वाढविणे अधिक उपयोगी पडते. करामुळेही एक काळ बत्तीस इंच ही सोयीची सीमा झाली होती. १ जानेवारी २०१९ पासून बत्तीस इंची संचावरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, मोठ्यांवर तो २८ टक्केच राहिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या संचांवरही १८ टक्केच झाला. तेव्हा करासाठी आकार ठरविण्याचे कारण आता उरले नाही. खोलीचा हिशेब तेवढा उरला.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तो समजावून देण्यास या गावाइतके योग्य गाव आम्हांस दुसरे सापडले नसते. सात बहिणींच्या डोंगरांमधला हा बांध कोहळी समाजातील कोलू पाटलांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, असे परंपरा सांगते. पाळ बांधली, पाणी अडविले, तुडूम ठेवले, आणि तेथून नहरांनी पाणी बांध्यांत नेले. या मुलखातील लहान मुलालाही ठाऊक आहे की, बांधी कितीही मोठी केली तरी तुडुमातून येईल तेवढेच पाणी तिला मिळावयाचे. टीव्हीचेही तंतोतंत असेच आहे. पडदा म्हणजे बांधी, आणि त्यात येणारा संकेत म्हणजे पाणी. दहा लाख बिंदूंचा पडदा भिंतीवर लावला, पण त्याला जोडलेल्या पेटीतून जुन्या पद्धतीचे चार लाख बिंदूंचे चित्र येत असेल, तर उरलेले सहा लाख बिंदू कोठून भरावयाचे? संच ते शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरतो. त्यामुळे चित्र मऊ दिसते, कडा पुसट होतात, आणि घरातील माणसे म्हणतात, 'जुना डबाच बरा होता.' दोष बहुधा नव्या संचाचा नसतो.

आपल्याकडील पुष्कळ घरांवर दूरदर्शनच्या फ्री डिशची तबकडी आहे. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिला महिन्याचे भाडे नाही, आणि गरीब घरांवर तिचे उपकार थोर आहेत. जमिनीवरून चालणारी दूरदर्शनची जुनी प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बहुतेक बंद झाली. त्यानंतर तर ही तबकडीच अनेकांचा आधार झाली आहे. पण तिच्यावरील बहुतांश वाहिन्या साध्या दर्जाच्या आहेत. भाड्याच्या सेवा घेणाऱ्यांच्या घरीही पुष्कळदा जुनीच साधी पेटी असते. शिवाय पेटी आणि संच यांच्यामध्ये कोणती तार आहे हे पाहावे. पिवळ्या, पांढऱ्या व तांबड्या टोकांची जी तीन तारांची जुडी असते, तिच्यातील पिवळी तार केवळ जुन्या दर्जाचेच चित्र वाहून नेऊ शकते. चपट्या टोकाची एचडीएमआय नावाची तार आली ती एचडी चित्रासाठीच. घरात एचडीची पेटी आहे, एचडीचा संच आहे, पण मध्ये ती पिवळी तार, असे असेल तर मोठ्या तलावाला नळाची तोटी बसविल्यासारखे होते. दोन-तीनशे रुपयांची तार बदलली की चित्र बदलते. नवा संच घेण्यापूर्वी एवढी तपासणी अवश्य करावी.

पावसाळ्यात चित्र जाते त्याविषयीही पुष्कळांची तक्रार असते. उपग्रह आपल्यापासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे; तेथून येणाऱ्या क्षीण लहरी जोरदार पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. पूर्वी संकेत क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या येत, पण चित्र अंधुक का होईना दिसत राही. आताच्या पद्धतीत चित्र एक तर पूर्ण येते, नाही तर तुकडे होऊन थिजते. फ्री डिशची तबकडी येथून आग्नेयेकडे तोंड करून असते. त्या दिशेला चिंचेची वा मोहाची फांदी आडवी वाढली असेल तर आधी ती पाहावी, मग दुकानदाराला बोलवावे.

आता चित्राबरोबरचे इतर गुण थोडक्यात पाहू.

आपल्या घरांत माणसे संचासमोर नाटकगृहाप्रमाणे रांगेत बसत नाहीत. कोणी पलंगावर, कोणी चटईवर, आणि घरची बाई बहुधा स्वयंपाकघराच्या दारातून तिरकी पाहत असते. द्रव-स्फटिकाचा एक स्वभाव असा की, कडेने पाहिल्यास रंग फिके पडतात. पडद्यांत 'आयपीएस' आणि 'व्हीए' असे दोन मुख्य प्रकार येतात. पहिल्यात कडेने पाहणाऱ्यालाही रंग बरे दिसतात. दुसऱ्यात काळा रंग अधिक गडद दिसतो, पण समोरून. दुकानात संच पाहताना समोर उभे राहून पाहण्यात अर्थ नाही. चार पावले बाजूला सरकावे, खाली बसावे, आणि घरातील दारातून पाहणारीला तो कसा दिसेल याची परीक्षा करावी. दिवसभर राबून जिला तिरक्या कोनातून अर्धा तास पाहायला मिळतो, तिच्या वाट्याला फिकट चित्र का यावे?

ध्वनीच्या बाबतीत पातळ संच दुबळा असतो, हे मान्य केले पाहिजे. आवाजाला पोकळी लागते. तबल्याला खोड लागते तशी. दोन बोटे जाडीच्या संचात ती कोठून आणावी? त्यातच ध्वनिवर्धक बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसविलेले असतात. वृद्धांना शब्द कळत नाहीत, मग आवाज वाढवितात, मग शेजारी कुरकुरतात. संच उघड्या खिडकीसमोर न ठेवता भिंतीशी ठेवला तर आवाज थोडा भरीव होतो. तरीही शब्द लागत नसतील तर संचाच्या यादीत 'संवाद' किंवा 'बातम्या' अशी ध्वनीची निवड असते, ती करून पाहावी. बाहेरचा लहान ध्वनिवर्धक हा शेवटचा उपाय.

संच टांगावा कोठे? आपल्याकडे तो देवाच्या तसबिरीप्रमाणे दारावर, छताजवळ टांगण्याची पद्धत पडली आहे. भक्तीसाठी मान वर करावी हे ठीक; तासभर बातम्यांसाठी ती वर ठेवली तर दुखणारच. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला, किंवा किंचित वर असावा. समोरच खिडकी नसावी. पडद्यात खिडकीच दिसते.

दुकानात रंग भडक दिसतात, कारण तेथे झगझगीत उजेडात शेजारच्या संचांवर मात करावयाची असते. घरी आणल्यावर तीच मांडणी कायम राहिली तर माणसांचे चेहरे शेंदूर फासल्यासारखे दिसतात. यादीतून 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' ही निवड केली की माणसे माणसांसारखी दिसू लागतात, आणि वीजही थोडी वाचते. जुने चित्रपट पाहताना आणखी एक पथ्य आहे. प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' काढला गेला तेव्हा चित्राची चौकट जवळजवळ चौरस होती. आताचा पडदा लांबट आहे. तो पुरा भरावा म्हणून चित्र ताणले तर तुकोबा स्थूल दिसू लागतात. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्यावेत. एचडी रेडी पडद्यावर ते प्रत्येकी १७१ बिंदूंचे असतात. तो रिकामेपणा म्हणजे चित्राचा मान आहे.

आता विजेचा हिशेब. बत्तीस इंची संच साधारण चाळीस-पन्नास वॉट वीज घेतो. रोज चार तास धरले तर महिन्याला पाच-सहा युनिटे होतात. जुन्या एकवीस इंची काचेच्या संचाला याच्या जवळजवळ दुप्पट लागत. परंतु एक गुप्त खर्च आहे. बऱ्याच पेट्या रिमोटने बंद केल्या तरी आतून जाग्याच असतात. दहा वॉटची पेटी दिवसाचे उरलेले वीस तास अशी जागी राहिली तर महिन्याला सहा युनिटे जळतात. म्हणजे पाहण्याला जेवढी वीज लागली, तेवढीच न पाहण्याला लागली! रात्री झोपताना भिंतीवरील बटण बंद करावे, एवढाच त्यावर उपाय.

विजेचे दुसरे रूप अधिक भयंकर आहे. वैशाख-ज्येष्ठात आपल्याकडे वळवाचे ढग गडगडू लागतात. छपरावरील तबकडीपासून तार पेटीत येते, आणि पेटीतून संचात. जवळपास वीज पडली तर तिचा धक्का विजेच्या खांबावरून येतो तसा या तारेनेही येतो. म्हणून गडगडाट दूर असतानाच संचाची व पेटीची पिन काढावी आणि तबकडीची तारही मागून सोडवावी. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, आणि वीज डोक्यावर कडाडू लागल्यावर तारेला हात लावू नये. कमी-जास्त दाबाचा प्रश्न मात्र आता तितका बिकट नाही. पुष्कळ संच १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात. मागच्या पट्टीवर ते छापलेले असते. तेथे हा आकडा असेल तर स्टॅबिलायझरसाठी पैसे घालण्यापूर्वी विचार करावा. ते चांगल्या मातीजोडणीकडे, म्हणजे अर्थिंगकडे वळवावेत.

'स्मार्ट' संचाविषयी एवढेच सांगू की, त्याची हुशारी इंटरनेटच्या जिवावर चालते. घरी ते भरवशाचे नसेल तर त्या हुशारीचे भाडे आगाऊ भरल्यासारखे होते. शिवाय पडदा आठ-दहा वर्षे टिकू शकतो, पण आतील प्रणाली चार-पाच वर्षांत जुनी होऊन नव्या सेवा चालेनाशा होतात. साध्या संचाला एचडीएमआयची दोन आणि यूएसबीचे एक छिद्र असले, तर पुढे हवी ती जोड स्वतंत्रपणे लावता येते. जुना काचेचा संच टाकताना मात्र तो उकिरड्यावर फोडू नये. त्याच्या काचेत शिसे असते, आणि आपल्या गावचे पाणी कोठे जाऊन मिळते हे आपण जाणतोच.

येथवर आम्ही वस्तूचे गुणदोष सांगितले. पण वस्तू घरात आली की ती घरालाही घडविते. आपल्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की नाटकांचे दिवस येतात. वडशाच्या मंडळ्या गावोगाव जातात, शंकरपट भरतो, आणि रात्रभर मंडपात हजारो माणसे बसून नाटक पाहतात. सिनेमा आला तेव्हा ही रंगभूमी आता बुडाली असे म्हणणारे होते. टीव्ही आला तेव्हाही होते. ती बुडाली नाही. कारण मंडपात शेजारचा हसला की आपण हसतो, नटाला समोरची दाद कळते, आणि पहाटे थंडीत घरी परतताना नाटकाविषयी बोलणे चालू राहते. हे वीस लाख बिंदूंत बसत नाही. त्याचप्रमाणे हिवाळ्यात तलावावर उतरणारी बदके पडद्यावर कितीही स्पष्ट दिसली, तरी त्यांच्या पंखांचा पाण्यावरील आवाज पाळीवर उभे राहिल्यावाचून ऐकू यावयाचा नाही. मारुती चितमपल्ली यांनी या वनात वर्षानुवर्षे राहून जे पाहिले, ते खुर्चीत बसून पाहिलेले नव्हते.

म्हणून टीव्ही नसावा काय? आमचे तसे मुळीच म्हणणे नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला तो जगाची खिडकी आहे. तालुक्याला शिकवणीस जाऊ न शकणाऱ्या मुलीला तो शिक्षक होऊ शकतो. ज्या माणसाने समुद्र पाहिलेला नाही, त्याला तो समुद्र दाखवितो. मात्र या कामांसाठी मोठा पडदा लागत नाही. नेटका, स्पष्ट आणि घराला परवडेल असा लागतो. शेजाऱ्याकडे त्रेचाळीस इंची आला म्हणून आपल्याकडे पन्नास इंची हवा, या चढाओढीत कित्येक घरांतून हप्ते सुरू होतात, आणि रोवणीच्या हंगामात मजुरीला पैसे उरत नाहीत. पडदा भिंतभर झाला आणि धानाच्या बांधीत पऱ्हे वेळेवर पडले नाहीत, तर तो पडदा आपणांस काय दाखविणार?

तेव्हा संच घेण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. खोलीचे अंतर मोजावे. पेटी आणि तार कोणत्या दर्जाची आहे ते पाहावे. आणि घरातील सर्वांत कडेला बसणाऱ्या माणसाच्या जागेवरून चित्र पारखावे. चौथी गोष्ट संच आल्यानंतरची आहे. रोज तो केव्हा बंद करावयाचा हे घरातील सर्वांनी मिळून ठरवावे, आणि ठरल्या वेळी भिंतीवरील बटण दाबण्याचे काम घरातील सर्वांत लहान मुलाकडे सोपवावे. मुले असा अधिकार फार कसोशीने बजावतात, हे आपण सर्व जाणतो.